वरणावरचं पाणी

चाकण, १५ जानेवारी १९५७

ती. सुमनताईस दत्तोबाचा नमस्कार.

सोबत पुडीत तिळगूळ आहे. पोस्टात चुरा झाला असेल तर माझ्यावर रागावू नकोस, आधीच तुझा राग नाकावर असतो. पिंपरीच्या कारखान्याच्या वसाहतीतला तुझा दवाखाना आता मार्गी लागला असेल. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत.

मुख्य बातमी म्हणजे काल कोंडाजीचं बोरनहाण केलं. मुरारी गेला, सोनबा गेला, त्यानंतरचा हा माझा तिसरा मुलगा. जन्मल्याबरोबर कोंड्यात लोळवला म्हणून तगला, असं गावात सगळे म्हणतात, आणि मास्तर असूनही मी त्यांच्याशी वाद घालत नाही. सव्वादोन वर्षांचा झाला. तू पाहशील तर ओळखणार नाहीस, असं बाळसं धरलंय. गाल अगदी भरून आले, पाय गुबगुबीत झाले. रंग उजळला. केस तर साहेबाच्या पोरासारखे तांबूस दिसायला लागले आहेत. स्वभावानं इतका गुणी, की डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले तेव्हा आळीतली पोरं तुटून पडली आणि हा पाटावर शांत बसून होता. एका बोराला हात लावला नाही. पूर्वी घरभर पळायचा, आता बसवावं तिथे बसतो. अंगाला वजन आलं ना.

गवराला पाचवा महिना आहे. दिवाळीत ते कळल्याबरोबर कोंडाजीचं अंगावरचं तोडलं. पोटुशा बाईचं दूध पोराला बाधतं. पण त्याच्या खाण्यात मी हयगय केलेली नाही. सकाळी साखर घातलेली साबूदाण्याची पेज, दुपारी मऊ भात आणि वरणावरचं निवळ पाणी. डाळीचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, खालचा जड गाळ आम्ही मोठी माणसं खातो. संध्याकाळी पुण्याहून मुद्दाम मागवलेलं डब्यातलं आरारूट. म्हशीचं दूध कफ करतं म्हणून ते सारं खव्याच्या भट्टीला जातं. तीळ उष्ण म्हणून तिळगूळसुद्धा त्याला दिला नाही.

आमच्या लेकीबद्दल, तानाबद्दल, मात्र तक्रार आहे. आठ वर्षांची घोडी झाली, पण पोत्यातले शेंगदाणे ओच्यात भरून खात हिंडते आणि पातेल्याच्या तळाचं वरण भाकरीला लावून संपवते. काल एक ठेवून दिली.

शाळेची तपासणी झाली. साहेबांनी माझा ‘आपला आहार’ हा पाठ पाहिला. अन्नातल्या पाच घटकांचा तक्ता मी रंगीत खडूंनी फळ्यावर काढला होता. शेरा मिळाला की शिक्षक विषयात पारंगत आहेत.

तुझा
दत्तोबा


पिंपरी, १८ जानेवारी १९५७

चि. दत्तोबा,

तिळगूळ मिळाला. गोड बोलणं जमणार नाही.

तुझं पत्र मी दवाखान्यात उभ्यानं वाचलं आणि उभ्यानंच उत्तर लिहिते आहे. पोराच्या पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, अंगठा दाबून धर. दहा आकडे मोज. अंगठा काढल्यावर खड्डा राहिला तर ते बाळसं नव्हे. ते पाणी आहे. तांबूस केस, उजळलेली कातडी, बोरं पडली तरी न हलणं, हे काही गुण नव्हेत रे. सव्वादोन वर्षांचं धडधाकट पोर बोरनहाणाच्या वेळी पाटावर बसून राहत नाही. तुझा मुलगा आजारी आहे, फार आजारी आहे, आणि तू मला त्याच्या आजाराची वर्णनं कौतुकानं लिहून पाठवली आहेस.

साबूदाणा, आरारूट, साखर, भात. चार वेगवेगळी नावं, जात एकच, पिष्ट. पिष्ट म्हणजे सरपण. त्यानं चूल पेटते, पण सरपणानं कुणी भिंत बांधल्याचं मी ऐकलं नाही. मांस, रक्त, कातडी, केस हे सारं बांधतात प्रथिनं. ती डाळीत असतात, दाण्यात, तिळात, दुधात, अंड्यात. आणि ती पाण्यात उतरत नाहीत. वर पाण्यात उतरतं मीठ, हळदीचा रंग आणि तुझं समाधान. प्रथिनं खाली तुझ्या त्या जड गाळात बसतात. शेंगदाण्यात आणि तिळात तेलही आहे, ते चिमूटभर खाल्लं तरी पुष्कळ बळ देतं. रक्ताला लोह लागतं, हाडांना चुना लागतो, डोळ्यांना आणि कातडीला जीवनसत्त्वं लागतात, आणि त्यातलं बरंचसं ज्या शेवग्याच्या पाल्यात असतं तो तुझ्याकडे म्हशीपुढे पडतो. आता आपलं घर बघ. पाला म्हैस खाते, दूध भट्टीवाला नेतो, वरण तू खातोस, आणि ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले ते पोर पांढऱ्या पाण्यावर.

हे सगळं तू रंगीत खडूंनी फळ्यावर लिहिलंस. साहेबानं तुझ्या पोराला बघून शेरा द्यायला हवा होता.

तानाला मारू नकोस. तुमच्या घरात खाणं कळणारी ती एकटीच आहे. आणि गवराच्या पोटात जे आहे त्यालाही हेच सगळं लागतं. तिच्या ताटात सगळ्यांच्या शेवटी काय उरतं ते एकदा बघून मला कळव.

इथे मी एकटीच नर्स आहे, रजा मिळत नाही. पोराला घेऊन तू ये. ताबडतोब ये.

सुमन


चाकण, २३ जानेवारी १९५७

ती. सुमनताईस,

तुझं पत्र मिळालं. मोठी बहीण म्हणून उत्तर देतो, नाहीतर दिलं नसतं.

तीन वर्षं दवाखान्यात राहून सुई टोचायला शिकलीस, चांगलं झालं. पण माझ्या घरात कोण काय खातं यावर पिंपरीहून हुकूम सोडायचा अधिकार तुला कुणी दिला? पोर ज्याच्या मांडीवर वाढतं त्याला त्याचं दुखणंखुपणं कळतं. तुझ्या मांडीवर कुणी वाढलं नाही, म्हणून तुला पुस्तकातलं तेवढं दिसतं.

डाळ देऊन बघितली नाही असं समजू नकोस. सोनबाला शेवटी शेवटी घट्ट वरण दिलं होतं. त्याच दिवशी जुलाब लागले आणि चौथ्या दिवशी आम्ही त्याला उचलून नेलं. खांद्यावर मी नेला होता, तू नव्हे. त्यानंतर माझ्या पोराच्या तोंडात डाळीचा दाणा घालायला माझा हात धजत नाही. याला अडाणीपणा म्हणायचं तर खुशाल म्हण. तक्ता शाळेतल्या पोरांसाठी असतो, त्यांची आतडी दणकट असतात. नवसाच्या पोराचं पथ्य वेगळं.

अंगठा दाबण्याचे खेळ करायला मला सवड नाही. सगळं गाव म्हणतं पोर दृष्ट लागण्यासारखं आहे. गाव आंधळं आणि तू एकटी डोळस, असं असेल तर तुझे डोळे तुलाच लखलाभ.

दत्तोबा


चाकण, २८ जानेवारी १९५७

सुमनवन्सं,

मी गवरा. ह्यांच्या समाजशिक्षणाच्या वर्गात लिवायला शिकले, ते पत्रात पैल्यांदा लिवते हाय. चुकलं माकलं तर हसू नका.

तुमचं पत्र कोनाड्यात हुतं ते मी वाचलं. ह्यांनी तुमास्नी काय लिवलं ठावं न्हाई. पन पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी ह्यांनी पोराच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला. मंग दुसऱ्या पायाला दाबला. तिथंबी पडला. ह्यांनी पोराच्या पायावर धोतराचा सोगा टाकला आन उठून शाळंत गेले.

मंग मीबी दाबला. शंभर आकडे मोजले. खड्डा तसाच.

आता पोराच्या पापन्या सुजल्यात, डोळं उघडत न्हाई. मांडीची कातडी सोलून निगती. पेज दिली तर तोंड फिरवतो. रडत न्हाई वन्सं. आधी रडायचा तर माझा जीव जायचा, आता रडंना म्हनून जातो.

तुमी ह्यांना लिवू नका. मला लिवा. पत्र शाळंच्या वक्ताला येतं, तवा मी घरी आसते. मी काय करू ते सांगा.

गवरा


पिंपरी, ३० जानेवारी १९५७

चि. गवरा,

शहाणी आहेस. हे पत्र मिळालं त्याच दिवशी निघायचं. कुणाची परवानगी मागत बसू नकोस. विचारलंच तर मी बोलावलं आहे म्हण आणि जो काही राग असेल तो माझ्या नावानं राहू दे.

चाकणहून पुण्याकडे जाणारी एस.टी. धर. नाशिकचा रस्ता जिथे मुंबईच्या रस्त्याला मिळतो तिथे उतर. शुक्रवारी आणि शनिवारी दुपारी मी तिथे उभी राहीन. पोराला गरम कपड्यात घट्ट गुंडाळ, अशी पोरं फार लवकर गार पडतात.

निघेपर्यंत साबूदाणा बंद. दूध तापवून, साय काढून, पाणी मिसळून, चमच्याचमच्यानं दे. एकदम पोटभर देऊ नकोस, तासातासानं थोडं थोडं. इतके दिवस उपाशी राहिलेलं पोट जड अन्न एका दमात घेत नाही. सोनबाला जुलाब लागले ते डाळीनं लागले नव्हते गवरा, त्याचं पोट तोवर थकलेलं होतं. हे तुझ्या नवऱ्याला मी नंतर सांगेन.

तूही घरातून खाऊन नीघ. भाकरी, वरण, आणि तानाबरोबर ओंजळभर दाणे. कुणाला न विचारता खा.

सुमनवन्सं


चाकण, १७ फेब्रुवारी १९५७

सुमनताई,

माझ्या पाठीमागे माझी बायको आणि माझा मुलगा घरातून नेलास. तानाला शेजारी ठेवून माझी पोटुशी बायको एस.टी.त बसली, आणि मला ते शाळेतून आल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं. पंधरा दिवस मी गप्प बसलो. म्हटलं, बहीण आहे, पोराचं बरंच करेल.

काल आलो तेव्हा तू वॉर्डात नव्हतीस हे तुझं नशीब. मी पोर बघितलं आणि आधी पुढच्या खाटेकडे गेलो. मला वाटलं हे दुसऱ्या कुणाचं आहे. गवरानं हात धरून मागे आणलं. गाल नाहीत. बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात. ढुंगणाची कातडी लोंबते आहे म्हाताऱ्यासारखी. गुबगुबीत मुलगा गेला होता आणि तुम्ही मला हाडांचा सापळा दाखवलात. तुझ्या प्रथिनांनी हे केलं का? भुकटीचं दूध पाजता म्हणे, बोटीतून आलेलं, बिनसायीचं. माझ्या दारात म्हैस असताना माझ्या मुलाला परदेशातली पांढरी पूड.

डॉक्टर म्हणाले, आता नेलंत तर जबाबदारी तुमची. जबाबदारी माझी नव्हती तर कुणाची होती? मी उचलायला गेलो तर गवरा मधे आली. माझी बायको, माझ्या आडवी. तिला घरी घेऊन आलो आहे, ती कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

येत्या शनिवारी मालोजीची बैलगाडी घेऊन येतो. मालोजी माझा शेजारी, पैलवान गडी आहे, आणि आणखी दोघे येतील. मुलगा निमूट ताब्यात द्यायचा. दोन पोरं मी देवाला दिली. तिसरं तुला देणार नाही.

दत्तोबा


पिंपरी, १९ फेब्रुवारी १९५७

दत्तोबा,

शनिवारी ये. चार नव्हे, चाळीस माणसं आण. पण आधी हे वाच.

कोंडाजी आला त्या दिवशी त्याचं वजन साडेएकोणीस पौंड भरलं. दहा दिवसांनी पंधरा. हे साडेचार पौंड कुठे गेले विचार. मूत होऊन गेले. ते तुझ्या मुलाचं मांस नव्हतं, अंगात साठलेलं पाणी होतं. रक्तात प्रथिनं उरली नाहीत की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि कातडीखाली साठतं, आणि आपण त्याला बाळसं म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतो. तू त्या दिवशी पाहिलास तो सापळा आम्ही केलेला नाही. तो दिवाळीपासून त्या सुजेच्या आत होता. आम्ही नुसतं वरचं पाणी काढलं आणि तुझा मुलगा खरा किती उरला आहे ते तुला पहिल्यांदा दिसलं. आज तो पंधरा पौंड दहा औंस आहे. हे दहा औंस मात्र त्याचे स्वतःचे आहेत. दूध, मऊ शिजवून घोटलेली मूगडाळ, भाजून कुटलेले दाणे आणि पाल्याचं पाणी यांवर त्यानं ते कमावले आहेत.

मला तुझा राग येतो दत्तोबा. इतका येतो की औषधाच्या बाटल्या मी आपटून ठेवते. पाच घटकांची नावं ज्याला पाठ नाहीत त्याचं मी समजू शकते. तुला पाठ होती. खड्डा पडलेला तू बघितलास. आणि त्यावर धोतर टाकून शाळेत गेलास.

एवढं लिहून थांबणार होते. पण मग हे पत्र अर्धंच खरं होईल.

सहा वर्षांपूर्वी सोनबाच्या बोरनहाणाला मी घरी होते. त्याला मी मांडीवर घेतलं होतं आणि सगळ्या बायकांदेखत म्हटलं होतं, बाळसं बघा कसं आहे, माझ्या भावाचं पोर आहे. महिन्यानं तो गेला. तेव्हा मला काही कळत नव्हतं. पण पुढे नर्सिंगला गेले, आणि दुसऱ्या वर्षी वॉर्डात असंच एक पोर आलं. तेच गाल, तसेच केस. शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या पायावर अंगठा दाबून आम्हांला खड्डा दाखवला. मला हुंदका आला म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. त्या दिवशी मला कळलं की सोनबा कशानं गेला. मुरारीही त्यानंच गेला असणार.

तुला लिहिलं नाही. म्हटलं, गेलेली पोरं परत येणार नाहीत, भावाला कशाला जाळायचं? मग कोंडाजी झाला. तेव्हा तर लिहायलाच हवं होतं. कागद घेऊन बसलेही होते. पण बारशाच्या आनंदात विरजण नको म्हणून मी नुसतं टोपडं पाठवलं. दोन वर्षं मी तुला तिळगुळाची उत्तरं लिहिली, आणि हे लिहिलं नाही. तू तुझ्या मुलाच्या पायावर धोतर टाकलंस, मी सोनबाच्या मरणावर टाकलं. फरक एवढाच की मी परीक्षा पास होऊन टाकलं.

आता शनिवारी मुलगा न्यायचा की ठेवायचा ते तू ठरव. मी दारात आडवी येणार नाही. नेलास तर तो मरेल. हे मात्र या खेपेस मी स्वच्छ लिहून ठेवते आहे.

सुमन


चाकण, २६ फेब्रुवारी १९५७

ती. सुमनताईस,

शनिवारी मी आलो होतो. तू औषधाच्या खोलीत होतीस. तुझं पत्र खिशात होतं आणि गाडी रस्त्यावर उभी होती.

वॉर्डाच्या दारात गेलो तर कोंडाजीचा आवाज ऐकला. शेजारच्या खाटेवरच्या कोकणातल्या बाईच्या ताटातली भाकरी त्यानं ओढली होती, आणि ती सोडवून घ्यायला लागल्यावर तो तिच्या हाताला चावला. मग त्यानं असं भोकाड पसरलं की वॉर्डातली माणसं हसायला लागली. चार महिन्यांत माझ्या मुलानं कुणाचं काही ओढून घेतलं नव्हतं. मी त्याला गुणी म्हणत होतो. दारातून तसाच मागे फिरलो. आत आलो असतो तर सगळ्यांदेखत रडलो असतो. त्याला तिथेच ठेव, डॉक्टर सांगतील तोवर ठेव.

घरी येऊन गवराला तुझं पत्र वाचून दाखवलं. वाटलं, ती कोसळेल. ती भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. म्हणाली, “मला ठावं हाय. सोनबाचं पाय मीच धूत हुते. म्हनलं हुतं तुमास्नी, पाय सुजल्यात. मुरारीच्या वक्तालाबी म्हनलं हुतं. तुमी म्हनला, बाळसं हाय, तुला काय कळतं.” मला यातलं काही आठवत नाही, ताई. ती बोलली असणार. मी ऐकलेलं नाही.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर ते खोटं होईल. तूही मला करू नकोस.

आणखी एक गोष्ट घडली ती सांगतो. शनिवारी परत येताना मालोजीच्या गाडीत बसलो होतो. त्याचा धाकटा दीड वर्षाचा आहे, श्रावणात त्याचं अंगावरचं तोडलं. त्यालाही सगळी आळी बाळसेदार म्हणते, आणि त्याला साबूदाण्याची पेज द्या असं त्याच्या घरी मीच सांगितलेलं होतं. मोशीच्या अलीकडे मी मालोजीला म्हणालो की तुझं पोर आजारी आहे, त्याला पिंपरीला ने. त्यानं गाडी थांबवली आणि मला खाली उतरवलं. मोशीहून चाकणपर्यंत चालत आलो.

त्यानंतर तीनदा त्याच्या दारी गेलो. पहिल्या दिवशी घरात नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं पोराला पदराखाली झाकून आत नेलं. आज तो स्वतः उंबऱ्यावर आला आणि म्हणाला, “मास्तर, सोताची दोन खाल्लीस, आता माझ्यावर नजर नगं ठिवू.”

उद्या शाळेआधी पुन्हा जाणार आहे.

दत्तोबा